ओले एव्हिनरूड

मालवणच्या बंदरावर पहाटेपासूनच गजबज सुरू होते. समोर अथांग अरबी समुद्र पसरलेला असतो. त्यात कुरटे बेटावर उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याच्या बांधकामास आरंभ केला. किल्ल्याभोवती जागोजागी काळे खडक आहेत. काही पाण्याच्या वर डोके काढून असतात, तर काही पाण्याखाली दडलेले असतात. या खडकांमधून होडी सुखरूप नेणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे. इथल्या गाबित मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम शीड आणि वल्हे यांच्या बळावर केले. वारा अनुकूल असला म्हणजे शीड साथ देई. वारा पडला की मात्र सारा भार मनगटावर येई. तळहाताला घट्टे पाडणारे वल्हे हाच त्यांचा खरा सोबती होता.

काळ पालटला आणि या वल्ह्याला एक मदतनीस मिळाला. आज अनेक लहान होड्यांच्या पिछाडीच्या फळीवर एक छोटे इंजिन बसवलेले दिसते. त्याचे डोके होडीत आणि पाय पाण्यात असतात. पाण्यातील टोकाला पंखा असतो. तो फिरू लागला, की होडी पाणी कापीत पुढे जाते. काम संपले, की हे इंजिन उचलून घरी नेता येते. होडीच्या बाहेर टांगले जाते म्हणून त्यास आउटबोर्ड इंजिन म्हणतात. असे इंजिन बनवण्याचे प्रयत्न इतरांनीही पूर्वी केले होते. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९०५ च्या सुमारास तसे एक इंजिन तयारही केले होते. परंतु सामान्य माणसाला भरवशाने वापरता येईल असे इंजिन घडवून ते देशोदेशींच्या किनाऱ्यांवर पोहोचवण्याचे श्रेय ओले एव्हिनरूड या कारागिरास दिले जाते.

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वे देशात झाला. नॉर्वे हा डोंगरांचा आणि खाड्यांचा देश. तेथील माणसांचे समुद्राशी आपल्या कोकणी माणसांइतकेच जवळचे नाते आहे. परंतु ओलेच्या घरची स्थिती बेताची होती. तो चारपाच वर्षांचा असतानाच त्याच्या कुटुंबाने मायभूमी सोडली आणि अमेरिकेची वाट धरली. या प्रवासात छोटा ओले वारंवार नाहीसा होई आणि शोधाशोध केल्यावर जहाजाच्या इंजिनघरात सापडे, अशी आठवण सांगितली जाते. बाकीची मुले डेकवर लाटा पाहत असताना हा मुलगा धडधडणारी चाके आणि दांडे पाहण्यात रंगून गेलेला असे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज नावाच्या गावाजवळ हे कुटुंब शेती करू लागले. भावंडे पुष्कळ आणि उत्पन्न थोडे. ओले सर्वांत थोरला. त्यामुळे लहान वयातच त्याला शेतात राबावे लागले आणि त्याचे शाळेचे शिक्षण लवकरच सुटले. पण त्याचे हात स्वस्थ बसणारे नव्हते. शेतीची मोडकी अवजारे तो दुरुस्त करी. जवळच रिप्ली नावाचे सरोवर होते. त्यात स्वतः बांधलेली होडी चालवावी, असा ध्यास त्याने घेतला.

वडिलांना हा छंद मुळीच पसंत नव्हता. शेतकऱ्याच्या मुलाने होड्यांच्या नादी लागून वेळ दवडू नये, असे त्यांचे मत होते. मुलाने मोठ्या कष्टाने तयार केलेले होडीचे भाग त्यांनी एकदा सरपणात घातले, असे सांगतात. कोणताही मुलगा अशा प्रसंगी निराश झाला असता. ओलेने मात्र कोणाशी वाद न घालता पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. वडिलांच्या नजरेस पडणार नाही अशा जागी त्याने एकेक भाग घडवला आणि वयाच्या पंधरासोळाव्या वर्षी आपली शिडाची होडी सरोवरात सोडली. होडी डौलात चालू लागलेली पाहून वडिलांचाही विरोध मावळला. मुलाचे मन नांगरात नसून यंत्रात आणि पाण्यात आहे, हे त्यांना उमगले.

सोळाव्या वर्षी ओलेने घर सोडले आणि मॅडिसन या शहरात जाऊन यंत्रांच्या एका कारखान्यात नोकरी धरली. दिवसा हातात कानस आणि हातोडा, रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक, असा त्याचा नित्यक्रम झाला. बीजगणित, यंत्रशास्त्र असे जे विषय शाळेत शिकावयास मिळाले नव्हते, ते तो स्वतःच शिकला. पुढे पिट्सबर्ग, शिकागो व मिलवॉकी या शहरांतील कारखान्यांत त्याने काम केले. कोठे पोलाद कसे लाटतात ते पाहिले, कोठे यंत्रांचे भाग कसे कातले जातात ते शिकला, तर कोठे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने तयार करण्यात प्रावीण्य मिळवले. नमुना केसभर चुकला तर त्यावरून ओतलेला प्रत्येक भाग चुकतो. त्यामुळे अचूकपणाची सवय त्याच्या अंगी बाणली.

तो काळ पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांच्या बाल्यावस्थेचा होता. वाफेच्या इंजिनाला भट्टी लागे, कोळसा लागे, पाण्याचा मोठा बाष्पक लागे. पेट्रोलचे इंजिन त्या मानाने आटोपशीर होते. परंतु ते लहरीही होते. याचे एक कारण म्हणजे पेट्रोल जसेच्या तसे इंजिनात ओतून चालत नाही. त्याचे बारीक तुषार करून ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागतात. सुमारे पंधरा भार हवा आणि एक भार पेट्रोल असे मिश्रण झाले, तरच ठिणगी पडताच ते नीट पेट घेते. हवा फार झाली तर इंजिन खोकल्यासारखा आवाज करून बंद पडते; पेट्रोल फार झाले तर काळा धूर निघतो आणि इंजिन गुदमरते. हे मिश्रण करणाऱ्या भागास कार्बोरेटर म्हणतात. आरंभीचे कार्बोरेटर ओबडधोबड होते. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा फिरवावी आणि जेवढी वाफ तीत मिसळेल तेवढीवर समाधान मानावे, अशी त्यांची रचना असे. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने १८९३ साली अत्तराच्या फवाऱ्याप्रमाणे बारीक छिद्रातून पेट्रोल उडवणारा कार्बोरेटर तयार केला. तेव्हापासून या इंजिनाला खरी गती मिळाली.

एव्हिनरूडचे मन या नव्या इंजिनाकडे ओढले गेले. १९०० साली त्याने एका सोबत्याबरोबर इंजिने तयार करण्याचा व्यवसाय थाटला. त्याच्या हातात कसब होते, पण व्यवहार त्याला साधत नसे. हिशेब, पत्रे, वसुली यांत तो मागे पडे. एकाहून अधिक वेळा त्याने भागीदारीत व्यवसाय सुरू केले आणि ते बसले. परंतु प्रत्येक वेळी त्याच्यापाशी इंजिनाविषयीचे थोडे अधिक ज्ञान मात्र शिल्लक राहिले. यंत्र असो वा व्यवसाय, ते बंद पडले म्हणून टाकून न देता का बंद पडले याचा शोध घ्यावयाचा, हा त्याचा स्वभाव होता.

या काळात बेस कॅरी नावाच्या तरुणीशी त्याचा परिचय झाला. ती व्यापारविषयक शिक्षण घेत होती. एव्हिनरूडच्या मागे पडलेल्या पत्रव्यवहारात ती त्याला मदत करू लागली. जी गोष्ट त्याला जमत नसे ती तिला सहज येई. १९०६ साली दोघांचा विवाह झाला. पुढील सर्व यशात बेसचा वाटा एव्हिनरूडच्या बरोबरीचा होता, हे विसरून चालणार नाही.

आउटबोर्ड इंजिनाची कल्पना एव्हिनरूडला कशी सुचली, याविषयी एक हकीकत प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याचे दिवस होते. मित्रमंडळींसह ही दोघे ओकाउची नावाच्या सरोवरात एका ठिकाणी सहलीस गेली होती. उकाडा असह्य होता. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. दुकान सरोवराच्या दुसऱ्या काठाला, सुमारे चार किलोमीटर अंतरावर होते. एव्हिनरूडने लागलीच होडी काढली आणि वल्ही मारीत तो काठ गाठला. परंतु परत येईपर्यंत हात भरून आले आणि आइस्क्रीमही वितळून गेले. वल्ही मारता मारता त्याच्या मनात विचार आला, की गाडीला इंजिन असते, मग होडीला का असू नये? आणि तेही असे, की कोणत्याही होडीला जोडता यावे आणि काढून नेता यावे.

कल्पना सुचणे सोपे होते. ती यंत्रात उतरवणे कठीण होते. इंजिन एका माणसाला उचलता यावे इतके हलके हवे. ते पाण्याच्या जवळ राहणार, म्हणजे उडणाऱ्या पाण्याने बिघडता कामा नये. इंजिन वर आणि पंखा खाली, म्हणजे उभ्या दांड्याची फिरकी दातेरी चाकांनी आडवी करावयास हवी. एव्हिनरूडने या अडचणींची एकेक करून उत्तरे शोधली. पोलाद आणि पितळ यांपासून तयार झालेले त्याचे पहिले इंजिन मुळीच देखणे नव्हते. ते पाहून बेसला कॉफी दळण्याच्या यंत्राची आठवण झाली. परंतु सोबतच्या माणसासह होडीला जोडून नदीत नेताच ते चालले.

सुधारणा करीत करीत १९०९ साली विक्रीस योग्य असे इंजिन तयार झाले. त्याची शक्ती दीड अश्वशक्ती होती. वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर होती. वरच्या जड चाकाला एक मूठ होती. ती धरून चाक जोराने फिरवले, की इंजिन सुरू होई. एव्हिनरूडने ते एका मित्राला वापरावयास दिले. तो मित्र सरोवरावर फेरफटका मारून परतला, तो दहा इंजिनांची मागणी घेऊनच!

मग बेसने पदर खोवला. वल्ही मारण्याचा त्रास सोडा, ती फेकून द्या आणि हे इंजिन वापरा, अशा अर्थाची एक सुटसुटीत जाहिरात तिने लिहिली. पत्रांचा पाऊस पडू लागला. भांडवल अपुरे पडू लागले, तेव्हा ख्रिस मायर नावाचा भागीदार १९११ साली पुढे आला. त्याच वर्षी एव्हिनरूडला आपल्या रचनेचे एकस्व मिळाले. मागणी परदेशांतूनही येऊ लागली. विशेषतः नॉर्वे आणि तिच्या शेजारच्या देशांतील मच्छीमारांनी हे इंजिन उत्साहाने घेतले. ज्या किनाऱ्यावरून एक गरीब कुटुंब पोटासाठी परदेशी गेले होते, त्याच किनाऱ्यावर त्या कुटुंबातील मुलाच्या हातचे इंजिन होड्या ओढू लागले. १९१२ पर्यंत कारखान्यात ३०० माणसे काम करू लागली.

आता हे इंजिन यंत्रज्ञांच्या हातून मच्छीमार, नावाडी आणि शेतकरी यांच्या हातात गेले होते. सरोवरात इंजिन बंद पडले तर फार तर वेळ जातो. समुद्रात बंद पडले तर जीवावर बेतू शकते. मालवणच्या खडकांमध्ये वारा वाढलेला असताना, लाट होडीला खडकाकडे लोटीत असताना इंजिन थांबले, तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. म्हणूनच या जातीच्या इंजिनाचे स्वरूप आणि स्वभाव ते वापरणाऱ्याने जाणून घेणे आवश्यक असते. जुन्या घडणीच्या इंजिनांत तर दोष पुष्कळदा कार्बोरेटरमध्येच सापडतो.

कार्बोरेटरच्या खाली एक लहान वाटी असते. टाकीतून आलेले पेट्रोल प्रथम या वाटीत जमते. वाटीत एक पोकळ तरंगणारा भाग असतो. त्यास फ्लोट म्हणतात. जाळ्याचा तरंगा जसा पाण्यावर राहतो, तसा हा फ्लोट पेट्रोलवर राहतो. पेट्रोल पुरेसे भरले, की फ्लोट वर उचलला जातो आणि एका सुईने येणाऱ्या पेट्रोलची वाट बंद करतो. पेट्रोल कमी झाले, की तो खाली येतो आणि वाट मोकळी होते. वाटीतून एका बारीक छिद्रावाटे पेट्रोल वर खेचले जाते. या छिद्रास जेट म्हणतात. जेटपाशी हवेची वाट अरुंद केलेली असते. त्यामुळे तेथे हवा वेगाने वाहते, तिचा दाब कमी होतो आणि ती पेट्रोल ओढून त्याचे तुषार करते. एवढीशी ही रचना. पण जेटच्या छिद्रात कचऱ्याचा एक कण अडकला तरी सारे इंजिन मुके होते.

आपल्या किनाऱ्यावर यास एक विशेष कारण घडते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मच्छीमार पुन्हा नव्या उमेदीने होड्या लोटतात. मधल्या काळात इंजिन कोपऱ्यात पडून राहते. वाटीतील पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. तो जेट बुजवतो आणि सुई चिकटवून टाकतो. खाऱ्या दमट हवेने धातूला गंज चढतो, तो निराळाच. मग मोसमाच्या पहिल्या दिवशी कितीही दोरी ओढली, तरी इंजिन दाद देत नाही.

अशा वेळी अजाण माणूस चिडतो, दोरी ओढून ओढून थकतो किंवा हाती लागेल तो स्क्रू फिरवतो. एका दोषाचे त्यामुळे चार दोष होतात. जाणता माणूस क्रमाने शोध घेतो. प्रथम तो टाकी पाहतो : पेट्रोल आहे काय? झाकणावरील हवेचा स्क्रू सैल केला आहे काय? टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. मग तो तोटी आणि गाळणी पाहतो. त्यानंतर प्लग काढून निरखतो. प्लग कोरडा असला, तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचत नाही असे तो ताडतो. प्लग ओलाचिंब असला, तर पेट्रोल येते आहे, पण प्रमाणाबाहेर येते आहे किंवा ठिणगी पडत नाही, असे तो समजतो. फ्लोटला भेग पडून त्यात पेट्रोल शिरले, तर तो बुडतो, वाट बंद होत नाही आणि पेट्रोल वाहू लागते. वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब दिसले, तर पेट्रोलमध्ये पाणी मिसळले आहे हे उघड होते. कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. जेट बुजला असेल, तर तो काढून स्वच्छ पेट्रोलमध्ये धुतो आणि हवेच्या झोताने मोकळा करतो. तारेने टोकरीत नाही. छिद्र यत्किंचितही मोठे झाले, तर मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. हे सर्व करताना तो जवळपास आग किंवा विडी येऊ देत नाही. आणि मोसम संपला म्हणजे तोटी बंद करून, वाटीतील पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते पाण्यात चालवतो, मगच ते उचलून ठेवतो. शहाणा नावाडी आणखी एक गोष्ट करतो : जाहिरात काहीही म्हणो, तो वल्हे मात्र फेकून देत नाही.

मिलवॉकीतील कारखाना असा भरभराटीस आला असता एव्हिनरूडपुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला. अहोरात्र काम करून बेसची प्रकृती ढासळली होती. तिला विश्रांतीची आवश्यकता होती. एका बाजूला स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या घामातून उभा राहिलेला कारखाना होता. दुसऱ्या बाजूला ज्या सहचारिणीने तो उभारण्यास हात दिला, तिचे प्राण होते. एव्हिनरूडने फार काळ विचार केला नाही. आपला हिस्सा त्याने भागीदारास विकून टाकला. पाच वर्षे आपण आउटबोर्ड इंजिनांच्या व्यवसायात पडणार नाही, असेही त्याने कबूल केले. मग बेस आणि लहानगा मुलगा राल्फ यांना घेऊन तो प्रवासास निघाला.

दिलेला शब्द त्याने पाळला. व्यवसाय त्याने केला नाही. परंतु विचार करण्यास कोणाची मनाई असणार? जुने इंजिन जड होते आणि त्याचा एकच सिलिंडर फार हादरे देई. दोन सिलिंडर समोरासमोर ठेवले तर एकाचा धक्का दुसरा सावरील. पोलाद व पितळ यांच्या जागी अॅल्युमिनियम वापरले तर वजन उतरेल, हे त्याच्या ध्यानी आले. यातून तीन अश्वशक्तीचे, परंतु अवघ्या ४८ पौंड म्हणजे सुमारे २२ किलो वजनाचे इंजिन साकार झाले. शक्ती दुप्पट आणि वजन मात्र पूर्वीहून कमी!

मुदत संपल्यावर एव्हिनरूडने ही रचना प्रथम आपल्या जुन्या भागीदारालाच दाखवली. त्याने ती नाकारली. तेव्हा १९२० च्या सुमारास पती-पत्नींनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. स्वतःचेच नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते. म्हणून त्यांनी नव्या इंजिनाला एल्टो असे नाव दिले. बेस पुन्हा कचेरीत बसू लागली. वितळलेल्या आइस्क्रीमपासून निघालेला प्रवास पुन्हा वेगाने सुरू झाला. हलके एल्टो लोकांना आवडले आणि काही वर्षांतच त्याने जुन्या इंजिनाला मागे टाकले. १९२९ साली एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि लॉकवुड कंपनी या तीन कंपन्या एकत्र झाल्या आणि त्यांचे अध्यक्षपद एव्हिनरूडकडे आले. पंधरा वर्षांपूर्वी स्वखुशीने सोडलेले आपले नाव त्याला अशा रीतीने मानाने परत मिळाले.

परंतु त्याच वर्षी जगावर मंदीचे संकट आले. लोकांना भाकरीची भ्रांत पडली. होडीची इंजिने कोण घेणार? याच काळात, १९३३ साली बेसचे निधन झाले. ज्या हातांनी पत्रे लिहिली, हिशेब सांभाळले आणि अपयशात धीर दिला, ते हात नाहीसे झाले. एव्हिनरूडला हा आघात मोठा होता. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी त्याचाही अंत झाला. त्यानंतर राल्फने वडिलांचे कार्य पुढे चालवले. एव्हिनरूड हे नाव धारण करणारी इंजिने १९०९ पासून शंभराहून अधिक वर्षे तयार होत राहिली; त्यांचे उत्पादन २०२० साली थांबले. तथापि त्या धर्तीची निरनिराळ्या कारखान्यांची इंजिने आजही जगातील असंख्य किनाऱ्यांवर होड्या चालवीत आहेत.

एव्हिनरूड मोठा विद्वान नव्हता. त्याला उत्तम बोलताही येत नसे. त्याच्यापाशी श्रीमंती नव्हती आणि आरंभीची अनेक वर्षे यशही नव्हते. त्याच्यापाशी होता तो धीर. होडी जळाली तेव्हा त्याने दुसरी बांधली. व्यवसाय बसला तेव्हा त्याने कारण शोधले. कारखाना सोडावा लागला तेव्हा त्याने अधिक चांगले इंजिन मनात घडवले. अडलेल्या यंत्रावर रागावून काही साधत नाही. शांतपणे, एकामागून एक कारण तपासीत गेले, तर कोठेतरी अडकलेला कण सापडतोच. एव्हिनरूडने यंत्र असे घडवले आणि आपले आयुष्यही असेच घडवले. म्हणूनच ज्या किनाऱ्यांवर त्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, तेथील थकल्या हातांनाही त्याच्या श्रमांचा आधार मिळाला आहे.

स्वाध्याय

१. वडिलांचा विरोध असताना ओलेने आपली होडी कशी पूर्ण केली?
२. एव्हिनरूडच्या यशात बेसचा वाटा कोणता होता, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. कार्बोरेटरमधील फ्लोटचे कार्य तुमच्या शब्दांत सांगा.
४. इंजिन सुरू होत नसताना अजाण माणूस व जाणता माणूस यांच्या वागण्यात कोणता फरक दिसतो?
५. तुमच्या गावातील एखाद्या कुशल कारागिराची भेट घ्या आणि बिघडलेली वस्तू तो कोणत्या क्रमाने तपासतो, याविषयी दहा ओळी लिहा.